जाहिरात, परनिंदा आणि नावाचा हक्क : वैद्य व औषधी विक्रेत्यांसाठी कायद्याचे पथ्यापथ्य

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, टागोर नगरात किंवा पार्क साइटला चिकित्सालय चालविणारा वैद्य आणि त्याच्या शेजारचा औषधी विक्रेता हे दोघेही आता प्रकाशक झाले आहेत. वृत्तपत्रात घालून वाटलेले हस्तपत्रक, दुकानाबाहेरचा फलक, भ्रमणध्वनीवरून पाठविलेली चित्रफीत ही सर्व कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्धीच होय. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात महत्त्वाचे निर्णय झाले आहेत. त्यांतील आपल्या व्यवसायाला लागू पडणारा भाग येथे क्रमाने मांडत आहोत.

१) जाहिरात कशाला म्हणावे?

औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मधील जाहिरातीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. सूचनापत्र, परिपत्रक, लेबल व वेष्टन तर त्यात येतातच. शिवाय तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. ‘आम्ही छापील जाहिरात केलीच नाही’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. मधुमेह, कर्करोग, रक्तदाबाचे विकार, स्थूलता, अपस्मार यांसारखे अनेक रोग या कायद्याच्या परिशिष्टात आहेत. त्यांचे निदान, चिकित्सा अथवा प्रतिबंध औषधाने होतो, अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणे निषिद्ध असून तिची छपाईही त्यात मोडते. उत्पादकाने पाठविलेली पत्रके गल्ल्यावर ठेवून वाटणाऱ्या विक्रेत्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

याच कायद्याने वैद्याला काही मोकळीकही दिली आहे. अमुक रोगावर येथे उपचार केले जातात, असा फलक नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक स्वतःच्या जागेत लावू शकतो. शास्त्रीय दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेला ग्रंथ आणि केवळ नोंदणीकृत व्यावसायिकांना विहित रीतीने गोपनीयपणे पाठविलेली माहिती यांनाही सूट आहे. ‘येथे मधुमेहावर उपचार केले जातात’ हा चिकित्सालयातील फलक आणि ‘अमुक चूर्णाने मधुमेह समूळ बरा’ हे घरोघरी गेलेले पत्रक यांतील अंतर त्यावरून स्पष्ट व्हावे.

औषध नियमावलीतील नियम १७० विषयी सभासदांत संभ्रम आढळतो. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वपरवानगी आवश्यक करणारा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. केंद्र शासनाने तो १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळला. भारतीय वैद्यक संघटनेच्या पतंजलीविषयक याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी त्या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठविली. परंतु नियम गेला म्हणून १९५४ चा अधिनियम गेला नाही. पूर्वपरवानगीची चाळणी नसल्याने आपल्या मजकुराची जबाबदारी उलट आपल्यावरच अधिक आली आहे.

२) दुसऱ्याच्या औषधाविषयी बोलताना

मुंबई उच्च न्यायालयातील मॅरिको विरुद्ध अभिजित भन्साळी हा खटला या विषयाचा उत्तम पाठ आहे. ‘पॅराशूट’ खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर शंका घेणारी चित्रफीत २०१८ मध्ये प्रसारित झाली. १५ जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती काथावाला यांनी ती काढण्याचा आदेश दिला. विधान असत्य आहे काय, ते दुष्ट हेतूने वा बेपर्वाईने केले काय आणि त्याने नुकसान झाले काय, या कसोट्या तेथे लावल्या गेल्या. ज्याच्या शब्दावर पुष्कळ लोक विसंबतात त्याने बोलण्यापूर्वी अधिक पडताळणी करावी, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढील महिन्यात खंडपीठाने काही मजकूर वगळण्याच्या अटीवर चित्रफितीस मुभा दिली. तात्पर्य, टीकेला बंदी नाही. पुराव्याविना केलेल्या टीकेला आधार नाही.

दुसरे उदाहरण थेट आपल्या औषधीचे आहे. च्यवनप्राशाच्या जाहिरातींवरून डाबरने पतंजलीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ३ जुलै २०२५ रोजी एकल न्यायमूर्तींनी आक्षेपार्ह भागास मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने ‘साधारण च्यवनप्राश’ एवढा उल्लेख चालू दिला. चाळीस वनौषधींचा उल्लेख मात्र वगळावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इतर सर्व च्यवनप्राशांना ‘धोका’ म्हणणारी जाहिरात न्यायालयाने रोखली. आपला माल उत्तम म्हणणे ही आत्मस्तुती झाली. ती क्षम्य ठरते. मात्र कोणाचेही नाव न घेता सबंध वर्गाला फसवा म्हटले, तरी त्या वर्गातील प्रमुख उत्पादक दावा लावू शकतो. ‘बाजारातील सर्व च्यवनप्राश म्हणजे गूळपाक, खरा फक्त आमच्याकडे’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी याचा विचार करावा.

व्यक्तीच्या बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे. दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. लोकहितार्थ केलेले सत्य कथन अपवाद आहे. पण दोन्ही गोष्टी, म्हणजे सत्यता आणि लोकहित, दाखवाव्या लागतात. रुग्णासमोर किंवा व्यावसायिकांच्या गटात दुसऱ्या वैद्याविषयी वा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविषयी काढलेला उद्गारही त्यातून सुटत नाही.

३) नाव कोणाचे, योग कोणाचा?

त्रिफळा, सितोपलादि, च्यवनप्राश ही ग्रंथोक्त नावे सर्वांची आहेत. त्यांवर एकट्याची मक्तेदारी सांगता येत नाही. पण स्वतः घडविलेले वेगळे नाव व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली नोंदविता येते. कॅडिला प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या नावसाधर्म्याची तपासणी अधिक कठोर असावी असे म्हटले, कारण तेथील गोंधळ जिवावर बेततो. प्रसिद्ध औषधाच्या नावातील एक अक्षर बदलून आपला योग विकणे त्यामुळे धोक्याचे आहे.

पारंपरिक ज्ञानाचे पेटंट हा प्रश्न हळदीने जगापुढे आणला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने लेखी पुरावे सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. आपल्या पेटंट अधिनियमाचे कलम ३(त) प्रकारचे जे उपकलम पारंपरिक ज्ञानाला वगळते, ते २००२ च्या दुरुस्तीने आले. परकीयांना जे नाकारले ते आपल्यालाही लागू आहे : ग्रंथातील योग जसाच्या तसा घेऊन पेटंट मिळणार नाही.

पथ्य

१. रोगाचे नाव घेणारे कोणतेही पत्रक छापण्यापूर्वी ते परिशिष्टाशी ताडून पाहावे.
२. उत्पादकाच्या दाव्याचा आधार लेखी मागून जपून ठेवावा.
३. तुलना करायची झाल्यास सारख्याच प्रकारच्या मालाशी व चाचणीच्या अहवालासह करावी.
४. नवे नाव ठरविण्यापूर्वी व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत शोध घ्यावा.
५. नोटीस आल्यास परस्पर उत्तर न देता वकिलाचा सल्ला घ्यावा व वादग्रस्त मजकूर जतन करावा.

आयुर्वेदावर अतिशयोक्तीचा आरोप वारंवार होतो. त्यास प्रभावी उत्तर द्यायचे, तर आपल्या प्रत्येक छापील शब्दामागे ग्रंथ, अनुभव अथवा चाचणी यांचा आधार असला पाहिजे. कायदाही याहून वेगळे काही मागत नाही.