डेंग्यूग्रस्त बालक आणि अतिदक्षता विभाग
आपल्या इंदुरात पावसाळा सरला की अनेक पालक मला अहवाल दाखवून विचारतात, ‘प्लेटलेट्स चाळीस हजार, आयसीयूत ठेवायचे ना?’ मूल मात्र समोर बसून बिस्कीट खात असते. केवळ त्या आकड्यापायी अतिदक्षता विभागातील खाट अडवणे मला अयोग्य वाटते. आईपासून तुटलेल्या मुलाला तेथे जंतुसंसर्गाचा धोकाच अधिक!

डेंग्यूतील खरे संकट रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचे. ते बहुधा ताप उतरताना, त्यापुढील २४ ते ४८ तासांत उद्भवते. म्हणजे घरची मंडळी निश्चिंत होतात, नेमके तेव्हा. तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, ग्लानी, गार हातपाय, कमी झालेली लघवी यांकडे लक्ष हवे. बालकांत रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. तो घसरण्याची वाट पाहणाऱ्या वैद्याला उशीर झालेला असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही अवयव निकामी होणे, त्यांना आधाराची गरज असणे वा प्रकृती ढासळण्याची शक्यता, हेच निकष आहेत. इतर बालकांना साध्या वॉर्डात ठेवून नाडी, लघवी व हिमॅटोक्रिट यांची वारंवार नोंद ठेवावी. मात्र ती रात्रीही व्हावी.