चार नंबर, पाच नंबर आणि गिअरबॉक्सचे तेल

मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या तेलाला दोन उलट कामे करावी लागतात. गिअरच्या दात्यांवर त्याने घर्षण कमी करायचे असते आणि सिंक्रो रिंगवर मात्र घर्षण टिकू द्यायचे असते. गिअर बदलताना ही पितळी रिंग फिरत्या गिअरच्या शंकूवर दाबली जाते. मधला तेलाचा पापुद्रा तिच्या बारीक आट्यांतून बाजूला सारला जातो, धातूवर धातू घासतो आणि दोन्ही भागांचा वेग सारखा होतो. मगच स्लीव्ह पुढे सरकते आणि गिअर बसतो. तेल गरजेपेक्षा निसरडे असले तर रिंग नुसतीच घसरते, वेग जुळत नाहीत आणि खर्र असा आवाज येतो. वेगवान गाडीत हे लवकर जाणवते, कारण चढ्या फेऱ्यांवर गिअर बदलताना जुळवायच्या वेगांतला फरक मोठा असतो.

प्रस्तुत लेखकाकडे खामगावात असलेली गाडी अबार्थ पुंटो आहे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आलेली ही छोटी गाडी १४५ अश्वशक्तीची आहे. टर्बो लावलेले १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. पुंटोच्या पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-८५ जाडीचे, जीएल-४ दर्जाचे सिंथेटिक तेल सांगितले आहे. ही एक ओळ वाचायला पाच सेकंद लागतात. ज्या गॅरेजात दिवाळीच्या आधी तेल बदलले, तिथे ती वाचलीच गेली नाही, आणि पुस्तिका तर डॅशबोर्डच्या खणातच होती.

जीएल-४ आणि जीएल-५ ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची वर्गवारी. पाच हा चाराच्या वरचा, म्हणून अधिक चांगला दर्जा, असा समज गॅरेजांत घट्ट बसलेला आहे आणि सगळे नुकसान तिथूनच सुरू होते. हे आकडे चांगल्या-वाईटाचे नाहीत, कामाचे आहेत. जीएल-५ हे मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी असते, म्हणजे जीप, ट्रक किंवा मागच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनसाठी. तिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून गंधक-फॉस्फरसची अतिदाब रसायने जीएल-४ च्या साधारण दुप्पट घातलेली असतात. पोलादावर ती संरक्षक थर धरतात. पितळेवर हाच थर धरला की घासताना तो पितळेचा कणही सोबत घेऊन निघतो. शिवाय तापलेल्या तेलातले सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना काळे पाडते. आजची काही जीएल-५ तेले तांब्याच्या पट्टीच्या चाचणीत उत्तम उतरतात, म्हणजे गंज धरवत नाहीत. पण ती निसरडी असतातच, आणि सिंक्रोची अडचण तेवढ्यानेही होते.

पुंटोसारख्या आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत हायपॉइड गिअर नसतोच. शेवटचा गिअरही तिरप्या दात्यांचा साधा गिअर असतो आणि त्याच बॉक्समध्ये, त्याच तेलात फिरतो. जीएल-५ ची जादा ताकद तिथे कुणाच्याच कामाची नसते.

तेल बदलतानाचा संवाद जसाच्या तसा लक्षात आहे. “साहेब, या गाडीले चार नंबर कायले? पाच नंबर टाकतो, वरचं हाय ते.” बिलावर फक्त ‘गिअर ऑइल’ लिहिले गेले. ना जाडी, ना दर्जा, ना कंपनी. पहिले काही दिवस गिअर उलट मऊ पडू लागले आणि मिस्त्रींचे कौतुकही झाले. निसरड्या तेलाचे पहिले लक्षण असे फसवे असू शकते. डिसेंबरच्या एका पहाटे बुलडाण्याला जाताना, बोथ्याच्या घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना पहिली खर्र ऐकू आली. परतताना पुन्हा. गॅरेजात निदान झाले ते क्लचचे. “गाडी जुनी हाय, क्लच गेला असन.” क्लचप्लेट बदलली गेली, पैसे दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी खरखर जशीच्या तशी होती.

उलगडा झाला तो संक्रांतीच्या सुमारास, त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात. तिथे एका जीपचे हाउसिंग उघडलेले होते आणि शेजारी तेलाचा डबा होता : ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. पुंटोत कोणते तेल घातले होते, असे विचारल्यावर त्याच डब्याकडे बोट दाखवले गेले, आणि तेही अभिमानाने. क्लच बदलायची गरज नव्हती हे त्या क्षणी कळले. चूक कोणाच्याही हातून होते. पण पुस्तिकेतली ओळ समोर धरल्यावरही ‘गाडी चालते ना’ एवढेच उत्तर मिळावे, आणि क्लचच्या पैशांचा विषय निघताच दुसऱ्या गाडीखाली सरकावे, हे विसरण्यासारखे नाही.

जाडीचा मुद्दा वेगळा आणि तितकाच गैरसमजाचा. विदर्भाच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तिथे तेल जाडच हवे, असे सर्रास सांगितले जाते. पण तेलाच्या ग्रेडमधला शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीवरूनच ठरतो. त्या तापमानाला ८५ ग्रेडचे तेल ११ ते १३.५ सेंटिस्टोक असते, ९० ग्रेडचे १३.५ ते १८.५, आणि ट्रॅक्टरवाल्यांकडे मिळणारे १४० नंबरचे २४ च्या वर. पुस्तिकेतला ग्रेड गरम बॉक्स गृहीत धरूनच ठरवलेला असतो, त्यामुळे खामगावच्या उन्हासाठी त्यात भर घालावी लागत नाही. जाड तेलाचा त्रास उलट हिवाळ्यात होतो. दहा-बारा अंशांच्या पहाटे रिंगला ते बाजूला सारता येत नाही आणि पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर अडतो. गिअर तेलाचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडूनही पाहू नयेत. मोजपट्टी वेगळी आहे. ९० ग्रेडचे गिअर तेल प्रत्यक्षात ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकेच जाड असते.

‘जीएल-५ वाईट’ असा सरसकट नियम करणेही तितकेच चुकीचे. सुबारूच्या मॅन्युअल बॉक्समध्ये पुढच्या चाकांचा हायपॉइड गिअर त्याच तेलात असतो, म्हणून तिथे कंपनीच जीएल-५ सांगते. माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीत जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही चालतात. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या मॅन्युअल बॉक्समध्ये ऑटोमॅटिकचे पातळ तेल भरलेले असे, तर होंडाने वर्षानुवर्षे इंजिन ऑइलवर चालणारे गिअरबॉक्स बनवले आणि पुढे स्वतःचे वेगळे तेल काढले. रिंग कशाची आहे आणि हायपॉइड गिअर त्याच पेटीत आहे का, यावर सगळे अवलंबून असते. हे बॉक्स बनवणाऱ्याला माहीत असते, तेल विकणाऱ्याला नसते. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही छापलेले असले, तर ते मुळात जीएल-५ आहे असे धरून चालावे.

फियाटची भारतातली मोटारविक्री थांबल्यापासून कंपनीचे तेल तालुक्याच्या गावी मिळणे अवघड झाले आहे. पुणे-मुंबईहून मागवायला चार दिवस लागले तर लागू द्यावेत. दुसऱ्या कंपनीचे तेल घ्यायचे झाल्यास जाडी आणि दर्जा दोन्ही जुळले पाहिजेत. त्यातल्या त्यात ७५डब्ल्यू-८५ न मिळाल्यास पितळेला सुरक्षित असे लिहिलेले ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घ्यावे, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ कधीही नाही. घर्षण कमी करणारी मिसळायची औषधे गिअरबॉक्समध्ये घालू नयेत.

तेल बदलताना गाडी सपाट जागी आणि थोडी चालवून गरम केलेली असावी. आधी वरचा भरण्याचा नट सैल होतो की नाही ते पाहावे, मगच खालचा उघडावा. तेल सांडून गेले आणि वरचा नट जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या नटाला चुंबक असल्यास त्यावरची करडी पेस्ट नेहमीची असते. पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणून निघालेले तेल पांढऱ्या ताटात ओतून उन्हात धरावे. सोनेरी चकाकी दिसली तर ती रिंगची झीज आहे. नवे तेल बहुतेक बॉक्समध्ये भरण्याच्या छिद्रातून ओघळू लागेपर्यंत भरतात. डबा स्वतः विकत घ्यावा, समोर उघडून घ्यावा, आणि बिलावर जाडी, दर्जा व किलोमीटर लिहून घ्यावेत. बिलावर ग्रेड नसेल तर नंतर भांडायला हातात काहीच उरत नाही.

चुकीचे तेल एकदा काढले तरी थोडे आत राहते. पुंटोत म्हणून योग्य तेल भरून पाचशे किलोमीटर गाडी चालवली, ते काढले आणि पुन्हा नवे भरले. पहिल्या वेळी ताटात सोनेरी चकाकी होती, दुसऱ्या वेळी जवळपास नव्हती. तिसरा गिअर आता आवाज न करता बसतो. दुसऱ्याची रिंग झिजली आहे. ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवून पूर्ण उघडावा लागेल. थंड पहाटे तो गिअर अजूनही खरखरतो.