आधी भाकर, मग प्रवास



आपण दमलो आहोत हे कबूल करायला आपण ख्रिस्ती माणसे फार कचरतो. पापनिवेदनात आळसाचा उल्लेख हमखास होतो, पण देवाने दिलेल्या शरीराची हेळसांड केली असे आपल्यापैकी किती जण सांगत असतील? सेवा, त्याग, क्रूस हे शब्द लहानपणापासून कानांवर पडलेले. त्यामुळे विश्रांती म्हणजे श्रद्धेतून घेतलेली सुट्टी, असा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे. पवित्र शास्त्र उघडले की चित्र निराळे दिसते.

राजे पहिले पुस्तक, अध्याय १९. एलिया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर विजय मिळवला आणि लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो जीव मुठीत धरून पळाला. बैरशेबा येथे सेवकाला मागे ठेवून तो दिवसभर एकटाच रानात चालत गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ त्याने मरण मागितले. यानंतर देव काय करतो ते आपण सावकाश वाचावे. तो रागावत नाही, तुझी श्रद्धा कमी पडली असे सुनावत नाही. एलिया झोपतो आणि देव त्याला झोपू देतो. देवदूत येतो तो उपदेश घेऊन नव्हे. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवून तो त्याला उठवतो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो! देवदूत दुसऱ्यांदा येतो तेव्हाही पुन्हा खाण्याचाच आग्रह, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. होरेब डोंगरावरची ती मंद वाणी आणि नवे कार्य हे सारे त्यानंतर, चाळीस दिवसांच्या प्रवासाअंती.

आपल्या घरात कोणी ‘आता जगणे नको’ असे बोलू लागले, तर आपण चटकन त्याच्या हाती रोझरी देतो. रोझरी जरूर द्यावी. पण त्या माणसाला एकटे सोडू नये, तो जेवला का, त्याला रात्री झोप लागते का हे विचारावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. देवदूताने केले त्यापेक्षा हे कमी धार्मिक नाही. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीत झोप आणि स्नान यांना बसवले आहे. एवढ्या मोठ्या ईशज्ञानी माणसाला आंघोळीचे महत्त्व सांगावेसे वाटले, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

संत मार्कच्या शुभवर्तमानात (६:३०-३४) प्रेषित कामगिरीवरून परततात. माणसांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. प्रभू येशू त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. मात्र ते मचव्यातून पलीकडे पोहोचतात तोवर लोक किनाऱ्याने धावत पुढे आलेले असतात. प्रभूला त्यांचा कळवळा येतो आणि तो शिकवू लागतो. म्हणजे ठरवलेली विश्रांती मोडली. वाटेतला मचव्याचा प्रवास काय तो त्यांच्या वाट्याला आला. हे आपल्या ओळखीचे आहे. परंतु त्याच दिवशी संध्याकाळी प्रभू शिष्यांना पुढे धाडतो, लोकांना निरोप देतो आणि प्रार्थनेसाठी एकटा डोंगरावर जातो. गर्दी संपली नव्हती. त्याने तिला निरोप दिला.

शाब्बाथाच्या आज्ञेचे कारण अनुवादाच्या पुस्तकात (५:१२-१५) वेगळ्या रीतीने दिले आहे. इजिप्तमधल्या गुलामांना सुट्टी नव्हती. म्हणून सुटका झालेल्या माणसाने स्वतः थांबावे आणि आपल्या दासदासींना, बैलाला, गाढवालाही थांबू द्यावे. आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने लढून मिळवली. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ते ख्रिस्ती नव्हते. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विश्रांतीचा हक्क मांडला.

आज त्या रविवारी आपल्या घरात काय होते? गृहिणीला सर्वांत जास्त काम रविवारीच. आठवडाभर पहाटे उठून लोकल गाठणाऱ्यांचे डबे भरायचे आणि रविवारी मिस्साहून येताच पदर खोचून मटणाला लागायचे, कारण पाहुणे येणार. अनुवादातील त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, उपरी असे सगळे आहेत. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ‘तू’ या शब्दात तीही आलीच, असे अभ्यासक सांगतात. आमच्या मते बऱ्याच घरांत हा अर्थ अजून पोहोचलेला नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम १२४७ रविवारी उपासनेबरोबरच मनाला व शरीराला योग्य तो विसावा मिळावा असे सांगतो. तो स्वयंपाकघरालाही लागू आहे.

सर्वांत कठीण स्थिती अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांची. सासऱ्यांना भरवून, पुसून झाल्यावर सून दुपारी अर्धा तास पडली तरी तिच्या मनाला टोचणी लागते. तिला ‘आराम करा’ असे सांगून भागत नाही. तिच्या जागी कोणी बसले तरच ती झोपणार. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (२१८६) रविवार हा आजारी व वृद्धांच्या सेवेसाठी द्यावा असे म्हणतो. आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांत अशी घरे कोणती हे सगळ्यांना ठाऊक असते. दोघांनी ठरवून रविवारी दुपारी दोन तास तिथे जावे, रुग्णाजवळ बसावे, त्याला पाणी द्यावे, हवे तर मोठ्याने स्तोत्र वाचावे. दार उघडायला आलेल्या सुनेला सरळ आत जाऊन झोपायला सांगावे आणि तिच्याकडे चहा मागू नये.