पाणी, शौचकूप आणि बचत गट

शास्त्रभाग : नहेम्या ३ व ५, अनुवाद २३:१२-१३

छावणीबाहेर शौचासाठी जागा ठरवावी, खणण्याचे अवजार जवळ ठेवावे आणि मळ मातीने झाकावा, असा नियम अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. उपदेशासाठी हा भाग सहसा कोणी निवडत नाही. आम्हीही तो पुष्कळ वर्षे वाचून पुढे जात होतो. पण ज्या बाईला पहाटेच्या अंधारापर्यंत किंवा दिवस मावळेपर्यंत थांबावे लागते, पाण्यासाठी ज्या मुलीची शाळा बुडते, तिच्या दृष्टीने हा विषय लहान नाही. म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट पाहू : गरीब माणसे एकत्र येऊन, थोडे थोडे पैसे साठवून, पाणी व शौचकूप यांची सोय कशी करू शकतात, आणि त्यात धोके कोणते.

१. प्रत्येकाने आपल्या घरासमोर

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा तट बांधणाऱ्यांची यादी आहे. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुलीही आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. तटात एक खिंडार राहिले तरी शत्रू आत येणार. स्वच्छतेचेही तसेच आहे. दहा घरांत शौचकूप झाले आणि अकरावे कुटुंब ओढ्याकाठी बसले, तर ओढ्याचे पाणी सर्वांचेच बिघडते.

ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, ग्राम विकास या संस्थेने १९९२ पासून हेच तत्त्व धरले. गावातील एकूण एक कुटुंब तयार झाल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. प्रत्येक कुटुंबामागे सरासरी १,००० रुपये गावाच्या कायम निधीत जमवायचे. ऐपत असेल त्याने जास्त द्यावे, गरिबाने कमी. हा निधी खर्च करायचा नाही. त्याच्या व्याजातून पुढे गावात नवे घर झाले की त्यालाही मदत मिळते. घरोघरी शौचकूप व न्हाणीघर पूर्ण झाल्यावरच नळाला पाणी सोडायचे. एक कुटुंब मागे राहिले तर सारे गाव थांबते. म्हणून ज्यांच्या ओसरीवर कोणी पाय ठेवत नव्हते, त्यांच्याही दारी जावे लागले.

२. पैसे कोठे अडतात

२०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबाला शौचकूपासाठी १२,००० रुपये ठरले. परंतु अनेक ठिकाणी ही रक्कम बांधकाम झाल्यावर हाती येई. ज्याच्या घरी आठवड्याचे धान्य नाही, त्याने विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी आधी कोठून आणावी? येथेच बचत गटाचा उपयोग होतो.

नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. दहा ते वीस सभासद, नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही त्याची शिस्त. पंधरा जणींनी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकले, तर वर्षाला १८,००० रुपये होतात.

आता हिशेब करून पाहू. कर्ज १२,००० रुपये. गटाचे व्याज दरमहा शेकडा एक, उरलेल्या रकमेवर. मुद्दल दरमहा १,००० रुपये. बारा महिन्यांत एकूण व्याज ७८० रुपये होते. तेच पैसे सावकाराकडून दरमहा शेकडा पाचने घेतले आणि फक्त व्याज भरत राहिलो, तर वर्षाला ७,२०० रुपये जातात आणि १२,००० रुपये मुद्दल जसेच्या तसे उभे राहते.

३. व्याज कोणाच्या घरी जाते

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोकांनी दुष्काळात शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. घेणारे परके नव्हते, आपलेच बांधव होते. नहेम्या रागावला आणि घेतलेला शंभरावा भाग परत करायला त्याने सांगितले. हा शंभरावा भाग म्हणजे दरमहा शेकडा एक असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मग आपला गटही तोच दर घेतो, हे कसे? फरक असा की गटाचे व्याज गटातच राहते. आज देणारी उद्या घेणारी असते. तरीही, गरजवंताच्या अडचणीवर कोणी श्रीमंत होत आहे काय, हा नहेम्याचा प्रश्न प्रत्येक गटाने स्वतःला विचारावा.

न विचारल्यास काय होते, ते त्या वेळच्या आंध्र प्रदेशात २०१० साली दिसले. अनेक बायकांवर एकाच वेळी निरनिराळ्या कंपन्यांची कर्जे होती. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसत. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि त्या ऑक्टोबरात सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकमेकींचा आधार म्हणून बांधलेली दोरी गळ्याभोवती आली. शौचकूपातून म्हशीसारखी रोज मिळकत होत नाही. वाचतो तो औषधाचा खर्च आणि बुडणारा रोज. म्हणून असे कर्ज लहान असावे, आणि आजारपणात हप्ता पुढे ढकलण्याची सोय आधीच ठरलेली असावी.

४. बांधून झाल्यावर

दोन शोषखड्ड्यांचा शौचकूप साधा व स्वस्त असतो. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिला निदान दोन वर्षे बंद ठेवला की आतला मळ कोरड्या खतासारखा होतो. कोणा माणसाला दुसऱ्याची ओली घाण उपसावी लागत नाही. आमच्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र खड्डे विहिरीपासून निदान दहा मीटर दूर असावेत. जमीन मुरमाड, भेगाळ असली तर अधिक.

पाणीही तपासून घ्यावे. बांगलादेशात ग्रामीण बँकेच्या सभासदांनी १९८४ साली जे सोळा निश्चय केले, त्यांत शौचकूप बांधणे आणि कूपनलिकेचे पाणी पिणे हेही होते. पुढे १९९० नंतर कळले की तेथील असंख्य कूपनलिकांत आर्सेनिक हे विष आहे. हेतू शुद्ध होता, पाणी नव्हते. आपल्याकडे नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोराइडचे उदाहरण जवळचेच आहे.

तेव्हा पैसा, विटा आणि नळ यांच्याआधी एकमेकांवरचा विश्वास लागतो, आणि तो चोख वहीने टिकतो. तट बावन्न दिवसांत उभा राहिला; पण मध्येच कर्जाचा अन्याय दूर करण्यासाठी नहेम्याला लोकांची सभा बोलवावी लागली. आपल्यालाही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कोणते कुटुंब अजून उघड्यावर जाते? त्यांच्याशी शेवटचे कोण बोलले?
२. आपल्या गटाची वही सर्व सभासदांना वाचता येते काय? नसल्यास ती मोठ्याने कोण वाचून दाखवील?
३. हप्ता चुकलेल्या बहिणीच्या घरी आपण कशासाठी जातो?