आधी निचरा, मग जीवामृत

टी. नगर, चेन्नई
पोंगलनंतरचा आठवडा

चि. बाळूस,

माती परीक्षणाचा अहवाल मिळाला. सोबतचं पत्रही वाचलं. जीवामृताचे ड्रम किती घ्यावेत आणि तो विक्रेता देतो त्या जिवाणूंच्या बाटल्या घ्याव्यात की नाहीत, एवढंच तुला विचारायचं आहे. माझं उत्तर असं की एवढ्यात काहीच घेऊ नकोस. नोकरी सोडून तू रानात उतरलास याचा मला आनंदच आहे, पण ज्या रानासाठी तू औषध मागतोयस त्याचा आजार अजून कोणी नीट तपासलेला नाही.

ओढ्याकडच्या रानाचा सामू ८.६ आहे आणि सेंद्रिय कर्ब ०.३८. कर्ब कमी आहे हे तू लाल शाईनं अधोरेखित केलंस, सामूकडे मात्र तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. वर पांढरा थर येतो, ऊस ठिकठिकाणी पिवळा पडून खुजा राहतो, असं तूच लिहिलं आहेस. आता हे रान नुसतं क्षारयुक्त आहे की चोपण झालं आहे, ते आधी कळायला हवं. क्षारयुक्त असेल तर विरघळणारे क्षार पाण्याबरोबर खाली धुऊन काढता येतात. चोपण असेल तर सोडियम चिकणमातीच्या कणांनाच धरून बसलेला असतो. मग माती विस्कटते, तिची छिद्रं बुजतात, आणि वरून कितीही पाणी दिलं तरी ते मुरायचं नाव घेत नाही. प्रयोगशाळेला क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम हे दोन आकडे माग. सोडियम १५ टक्क्यांच्या वर निघाला तर ते चोपणच समज. तोवर घरी एक करून बघ. वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोड आणि हलवू नकोस. काही तासांनी पाणी दुधट, गढूळ झालं आणि तसंच राहिलं, तर सोडियमचा संशय घ्यायचा. विहिरीचं पाणी घेऊ नकोस, त्यातल्या क्षारांमुळे गाळ खाली बसतो आणि आपण फसतो. रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा एवढं आगाऊपण करायचा हक्क मला आहे.

हे रान असं का झालं, ते दादांना विचार. कृष्णेचं उपसा पाणी आलं, उसामागून ऊस आला, रात्रीची लाईट आली की मोटर चालू आणि सकाळपर्यंत सरी तुडुंब. काळी माती खोल, तिच्यातून पाणी सावकाश झिरपतं. दिलेल्यातलं पीक जेवढं पितं त्याहून उरतं जास्त, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की भूजल वर येतं. उन्हानं वरचं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मिरज, वाळवा, शिरोळ, कृष्णेच्या काठानं कुठंही जा, हीच गोष्ट ऐकायला मिळेल. अशा रानात मुळांना हवा मिळत नाही, आणि तुझ्या ड्रममधल्या बहुतेक उपयोगी जिवाणूंनाही ती लागतेच. पाण्यात बुडालेल्या मातीत जीवामृत ओतलंस तर गूळ आणि बेसन तेवढं फुकट जाईल.

म्हणून पहिला खर्च निचऱ्याचा. बांधाच्या कडेनं उघडी चर काढ आणि तिचं पाणी ओढ्यात पडतंय का ते पाहा. त्यानं भागलं नाही तर सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून निचरा करावा लागेल. तो महागडा असतो आणि एकट्यानं होत नाही, कारण तुझं पाणी खालच्याच्या रानातून जाणार. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र आणून असा निचरा केला आहे. एसटीनं जा, रानं बघ आणि ज्यांनी पैसे घातले त्यांच्याशी बोल. भावकीतल्या बांधाच्या भांडणात तू नवा माणूस आहेस, त्याचा फायदा घे. दादांना जे मागता येत नाही ते तुला मागता येईल.

पाण्याबद्दल मी एवढं बोलते त्याला मी राहते ती जागाही कारण आहे. टी. नगर म्हटलं की तुला रंगनाथन स्ट्रीटची गर्दी आणि उस्मान रोडवरची साड्यांची दुकानं आठवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथं लांबलचक तळं होतं. नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या बाजूपर्यंत पसरलेलं, शेतीला पाणी देणारं. १९२० च्या दशकात ते आटवून ही वसाहत आखली आणि तिला पिट्टी त्यागराय चेट्टींचं नाव दिलं. आखणी सुरेख आहे, पनगल पार्क मध्यावर ठेवून रस्ते काढले आहेत. पण डिसेंबर २०१५ च्या आणि नोव्हेंबर २०२१ च्या पावसात आमच्या भागात पाणी घुसलं तेव्हा कोणाला आश्चर्य वाटायला नको होतं. सखल जागेला सखलपणा सोडवत नाही. तुझ्या ओढ्याकडच्या रानाचंही तेच आहे. तिथं सगळ्या रानात ऊसच हवा हा हट्ट थोडा सैल करता येतो का ते बघ.

निचरा सुरू झाला की मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा. ताग नको, त्याला पाणथळ आणि खारं रान सोसत नाही. धैंचाला दोन्ही सोसतं. एकरी वीसेक किलो बी पेर आणि फुलावर यायच्या सुमारास, दीडेक महिन्यात, गाड. तुमच्या भागातल्या काळ्या मातीत चुनखडी असते. लिंबू पिळलं आणि फसफसलं तर ती आहे. चुनखडीत कॅल्शियम असतो, पण विरघळत नसल्यामुळे तो कोणाच्या कामाचा नसतो. धैंचाची मुळं श्वास घेतात आणि गाडलेला पाला कुजतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं सुटतात. ती त्या चुन्यातला कॅल्शियम थोडा थोडा मोकळा करतात, आणि मोकळा झालेला कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतो. हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला हवा, म्हणून पुन्हा निचराच. सोडियम फार निघाला तर जिप्सम घालायला लाजू नकोस. ते खाणीतून निघणारं खनिज आहे, कारखान्याचं विष नव्हे. मात्रा अहवालावरून ठरव, शेजाऱ्यानं किती पोती टाकली त्यावरून नको.

आता पाचट. या आठवड्यात इथं रस्त्यावर उसाचे ढीग पडले होते. पोंगलला जांभळा, चघळायचा ऊस पाल्यासकट विकतात, आणि सण झाला की तो पाला कचऱ्याच्या गाडीत जातो. भोगीला पहाटे लोक जुन्या वस्तू जाळतात, त्या धुरानं माझा खोकला आठवडाभर हटत नाही. गल्लीतला पाला गाडीत गेला तर मी काही म्हणत नाही. पण तुझ्या रानात हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं आणि काडी लावली की त्यातला जवळजवळ सगळा कर्ब आणि नत्र धुरात जातं. वर्षभर सूर्यानं आणि पाण्यानं जे फुकट तयार केलं ते एका संध्याकाळी संपतं, आणि मग आपण बाटलीतून जिवाणू विकत आणतो. ते खातील काय?

पाचट जाळण्यामागे दादांची कारणं आहेत, ती नीट ऐक. पाचटात उंदीर होतात. खोडवा उशिरा फुटतो. मजूर मिळत नाहीत, आणि तोडणीवाल्यांना पेटवलेल्या फडात काम सोपं जातं. यातलं एकही खोटं नाही. म्हणून त्यांना प्रवचन देऊ नकोस, पाचट एक आड एक सरीत लोट, बुडखे जमिनीलगत छाट म्हणजे फूट खालून आणि जोमदार येईल, आणि मोकळ्या सरीतून पाणी दे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणूखत टाकावं. तू दचकशील, नैसर्गिक शेतीत युरिया कसा? पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं असतं. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. शेणस्लरी, गोमूत्र किंवा मधल्या ओळीत हरभरा असेल तर युरिया टाळता येईल. नसेल तर पहिल्या वर्षी टाक. पाचट पेटवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

यानंतर जीवामृत. मी त्याच्या विरोधात नाही. गंमत म्हणजे त्याची पहिली ओळख मला इथं चेन्नईतच झाली. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली, तमिळ शेतकऱ्यांत चांगलेच माहीत आहेत. 'पसुमै विकटन' या तमिळ शेती-पाक्षिकानं त्यांची शिबिरं इथं भरवली होती. अनेक जातींचं बी एकत्र पेरून फुलोऱ्याआधी गाडायची जी रीत नम्माळ्वारांनी गावोगाव नेली, तिच्याबद्दल बोलताना इथली माणसं कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं नाव घेतात. नम्माळ्वार तंजावर जिल्ह्यातले. सरकारी संशोधन केंद्रातली नोकरी सोडून त्यांनी आयुष्य मातीत घातलं आणि २०१३ च्या अखेरीस गेले. दाभोळकर गणिताचे. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना घेऊन त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, म्हणजे तुझ्या घरापासून तासाभरावर. तिथला माणूस इथल्या गावात ठाऊक आहे आणि तुला त्याच्याबद्दल मी इथून लिहायचं, याला काय म्हणावं!

पाळेकर जीवामृताला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे एका एकराला. एवढ्याशा शेणातून उसाची भूक भागेल असा हिशेब मांडलास तर तो जुळणार नाही. विरजण लावायला आधी दूध लागतं, आणि तुझ्या रानातलं दूध म्हणजे पाचट, धैंचा आणि मुळं. नुसतं विरजण विकणाऱ्यापासून सावध राहा, मग बाटलीवरचं नाव कितीही संस्कृत असो. २०१९ मध्ये अर्थसंकल्पात पाळेकरांच्या या शून्य खर्च शेतीचा उल्लेख झाला, तेव्हा राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं पुरेसा पुरावा नसल्याचं सांगून हरकत घेतली. दोन्ही बाजूंचे लोक त्यावरून अजून तावातावानं बोलतात. तू एका एकरात करून बघ, शेजारच्या एकरात करू नकोस, आणि दोन्हीचं टनेज लिहून ठेव. वाद त्यांना घालू दे.

कंपोस्टचं थोडक्यात. १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ मालावर जे इंग्रजी पुस्तक निघालं आणि ज्यानं इंदूरची कंपोस्ट पद्धत जगभर नेली, त्यावर सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. लोकांना हॉवर्ड आठवतात. तुमच्या घरी एकच म्हैस, तेव्हा तुला पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बरी: दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांत भोकं ठेवलेली. टाकीभर काडीकचऱ्याला शेण शंभर किलोच्या आसपास पुरतं, म्हणूनच ती सुचवते. गोठ्यामागे सावली आहे, तिथं बांध.

वरच्या मुरमाड तुकड्याची गोष्ट निराळी. तिथं पाणी थांबतच नाही. तमिळनाडूत उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यांतला गाळ परवानगी घेऊन शेतात नेतात, आणि आपल्याकडे २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आहे. तलावातला गाळ त्या तुकड्यात घाल, आधी त्याचा सामू आणि क्षारता तपासून. ओढ्याकडच्या काळ्या रानात एक ट्रॉलीसुद्धा नको. तिथं चिकणमातीची आधीच रेलचेल आहे, तिच्यावर आणखी चिकणमाती कशाला?

शेवटचं, आणि यात मी तुला घाई करू देणार नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये श्रीलंकेनं रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचं उत्पादन घसरलं, शेतकरी रस्त्यावर आले, आणि नोव्हेंबरपर्यंत सरकारला माघार घ्यावी लागली. समुद्रापलीकडची ती बातमी इथं रोज घराघरात बोलली जायची. शेणखत वाईट होतं म्हणून ते फसलं नाही, मातीला सवय व्हायला वेळच दिला नाही म्हणून फसलं. तू दरवर्षी युरिया थोडा उतरव आणि कर्ब किती चढला ते बघून पुढचं ठरव. काळ्या मातीत, आपल्या उन्हात, ०.३८ चा कर्ब ०.५ वर न्यायलासुद्धा वर्षं लागतात. ऊस संपला की खोडव्यावर खोडवा घेऊ नकोस, मध्ये सोयाबीन किंवा धैंचा येऊ दे. आणि ठिबकसाठी कर्ज काढावं लागलं तर मला सांग, व्याजाचा काही भाग मी उचलीन. त्या रानाचं निम्मं दुखणं जास्तीच्या पाण्याचं आहे.

पुढच्या पत्रात दोन गोष्टी हव्यात: सोडियमचा आकडा, आणि चर खणताना पाणी किती फुटांवर लागलं. ते कळल्यावर जिप्समचा हिशेब करून पाठवीन. दादांना म्हणावं, गुडघ्याचं तेल इथल्या दुकानातून घेऊन ठेवलं आहे, येणाऱ्याच्या हाती पाठवते. वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या