चौलच्या मुक्कामापूर्वी

भूमध्य सागराकाठच्या एखाद्या पुरातन खेड्यात सुटी घालविण्याची ऐपत पनवेलकरास असो वा नसो, त्या सागराकडील व्यापाऱ्यांना इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून ठाऊक असलेले आणि ग्रीक प्रवासग्रंथातील ‘सेमिल्ला’ बंदर म्हणून अभ्यासक ज्याची ओळख पटवितात ते चौल मात्र, वडखळच्या नाक्यावर खोळंबा झाला नाही तर, न्याहारी करून निघालेल्या माणसास जेवणाच्या वेळेपूर्वी गाठता येते. शेजारच्या रेवदंड्यास पोर्तुगीजांनी उभारलेला कोट 1740 साली मराठ्यांच्या ताब्यात आला. मुरुडकडे जाणारा रस्ता आजही त्या कोटाच्या पोटातून जातो, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अद्याप घरोघर बोलली जाते. एवढा थोर इतिहास समोर असला म्हणजे विहिरीची चौकशी करण्याचे कोणास सुचते?

आम्ही वैशाखात ज्या वाडीत उतरलो तिच्या मालकांना पाण्याविषयी विचारले होते, नाही असे नाही. “आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे हो,” असे त्यांनी दूरध्वनीवर छातीठोकपणे सांगितले, आणि शब्दशः पाहता त्यात असत्याचा लवलेशही नव्हता. विहीर तुडुंब नसली तरी भरलेली होती. परंतु पहिल्याच सकाळी चुलीवरचा चहा फाटला, साबणाला फेस येईना, आणि तुरीची डाळ दोन तास रटरटूनही दाण्याने दाणा शाबूत राहिली, तेव्हा पाणी मचूळ असल्याची खात्री पटली. “पाऊस पडला की गोडं होतं,” हे मालकांचे त्यावरील उत्तर. पाऊस पडावयास अद्याप महिना होता, आणि इसार म्हणून अर्धी रक्कम आगाऊ घेतलेली असल्यामुळे ती परत करण्याची भाषा निघताच गृहस्थांचा सालसपणा एकाएकी आटला.

समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. रहाटाच्या काळी उपसा बेताचा असल्यामुळे हा थर टिकून राही, पण पंप बसवून पाहुण्यांच्या न्हाणीघरांसाठी रात्रंदिवस पाणी ओढले म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस खालचे खारे पाणी वर चढते. सबब माघानंतर जाणाऱ्याने ‘पाणी आहे का’ असे न विचारता ‘या महिन्यात पिण्याचे पाणी कोठून आणता’ असे विचारावे. खुद्द चौलच्या रामेश्वराच्या सभामंडपात जमिनीखाली पर्जन्यकुंड असून अवर्षणात ते उघडण्याचा प्रघात आहे. ज्या गावाने पावसाची तजवीज देवळातच करून ठेवली, तेथे पाण्याचा प्रश्न नवा नाही, हे ओळखणे कठीण नव्हे.

इसार देण्यापूर्वी मजकूर कागदावर असावा: खोल्या किती, जेवण कोणते, आणि न पटल्यास रक्कम कोणत्या अटीवर परत. सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेले घर असल्यास नोंदणीपत्र दाखविण्यास मालक का-कू करीत नाहीत. जे करतात त्यांच्याकडे न उतरणेच बरे. छायाचित्रांतील समुद्रावर फारसा विश्वास ठेवू नये, कारण चौलच्या पाखाड्या आत, नारळी-पोफळीत दडलेल्या आहेत आणि खरा किनारा रेवदंड्याच्या बाजूस आहे.

समुद्रात उतरावयाचे असेल तर पंचांग जवळ ठेवावे. कोळ्यांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास ठोकळमानाने निघतो: अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस दुपारी सव्वाअकराच्या आसपास. खाडीच्या मुखाजवळ ओहोटीचे पाणी माणसास बाहेर ओढते, तेथे पोहता येणाऱ्यानेही धाडस करू नये. मुलांना तर घोट्याच्या वर पाण्यात सोडूच नये.

एवढी खबरदारी घेतल्यावर मात्र रेवदंड्याच्या कोटातला सातखणी मनोरा सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, निवांत पाहावा. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्याही त्याच वेळी चढाव्यात. परतीस रविवारची संध्याकाळ टाळून सोमवारी पहाटे निघावे, म्हणजे वडखळला रखडावे लागत नाही, आणि पनवेलीत कचेरी उघडण्याच्या वेळेस घरी पोचता येते.