कुंडीतला वाफसा

२०२२ सालच्या जुलैमध्ये कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या घरातलं रबराचं झाड गेलं. साडेतीन फूट उंच होतं, तळहाताहून मोठी, जाड, काळपट हिरवी पानं. तीन वर्षं वाढवलं आणि तीन आठवड्यांत माझ्याच हातानं गेलं. कसं, ते सविस्तर सांगते, कारण दर पावसाळ्यात ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच, "पानं पिवळी पडायला लागलीत, पाणी वाढवू का?"

नेमकं तेच मी केलं होतं. बाहेर संततधार. राधानगरी धरणाचे दरवाजे कधी उघडणार, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, याच गप्पा. खिडक्या बंद, दिवसासुद्धा दिवे लावलेले. अशात खालचं एक पान पिवळं झालं. मला वाटलं, तहानलंय. रोज तांब्याभर पाणी सुरू केलं. आणखी दोन पानं गळली, तेव्हा वाटलं उपाशी असेल, म्हणून चिमूटभर युरिया टाकला. मग वरची पानंही लोंबायला लागली. एक गोष्ट मनात पक्की होती: हे झाड मूळचं ईशान्येकडचं. मेघालयात खासी लोक याचीच मुळं ओढ्यापलीकडे नेऊन जिवंत पूल घडवतात. चेरापुंजीच्या पावसात उभं राहणाऱ्या झाडाला माझ्या तांब्याभर पाण्यानं काय होणार?

सासरे शिरोळ तालुक्यातले, आयुष्य उसात गेलेलं. ते आले, कुंडीत बोट घातलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "सूनबाई, हे तहानेनं न्हाई गेलेलं. वाफसा कुठं हाय ह्यात?"

झाड उपसून काढलं. रोपाची कुंडी मी एका शोभेच्या कुंडीत ठेवली होती, तिला बुडाशी भोक नव्हतं. आत चार बोटं पाणी साचलेलं. माती गावाकडून आणलेली काळी, तिचा चिखलाचा गोळा झालेला. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. ही मुळं तपकिरी होती. चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा राहायचा. वास गटारीचा.

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण कुंडीला तो लागू पडतो हे कधी सुचलं नव्हतं. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. पाणी जास्त झालं की मातीतल्या पोकळ्या भरतात, मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर ओढता येत नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेल्यासारखं दिसतं. तिथंच माणूस फसतो. शिरोळकडच्या काळ्या रानांत पाणी साचून, जमिनी क्षारपड होऊन उसाचं काय होतं, हे सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मेघालयात पाऊस प्रचंड, पण डोंगरउतारावर तो थांबत नाही. शिवाय हे झाड वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं. जुन्या दगडी भिंतीच्या फटीतून पिंपळ उगवतो ना, तसं हेही रानात कधी कधी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं. त्याला ओल हवी, पण मुळांशी वाराही हवा.

म्हणून आता पाणी घालायला वार ठरवलेला नाही. बोट दोन पेरं मातीत घालते. ओल लागली तर तांब्या परत. कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत पाणी, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. एप्रिलच्या उन्हात ही वेळ चार-पाच दिवसांनी येते, पावसाळ्यात दोन-दोन आठवडे येत नाही. अंधाऱ्या, दमट खोलीत झाड पाणी पीतच नाही. माती दोन भाग, कोकोपीट एक, जाड वाळू एक, वर दोन मुठी जुनं शेणखत. नुसती काळी माती घरातल्या कुंडीला नकोच. आणि आजारी झाडाला खत देऊ नका. माझ्या युरियानं शेवट लवकर आणला, असं मला आजही वाटतं.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळ, उजेड भरपूर. पश्चिमेच्या गॅलरीतलं उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन पानं भाजून काढतं. एकदा जागा मानवली की सारखी हलवू नका, पानं गाळतं. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसावी. चकाकीसाठी तेल चोळणारे आहेत, त्याची काही गरज नाही.

मुळं कुजली तरी शेंडा कडक असेल तर सगळं संपलेलं नसतं. मी वरचा वीतभर तुकडा कापला. पांढरा चीक भळाभळा येतो. तो अंगाला लागला तर खाजतं, डोळ्यात गेला तर आग होते आणि पोटात गेला तर त्रास होतो. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात झाड त्यांच्या तोंडापासून लांबच हवं. चीक धुऊन टाकला, खालची पानं काढली, वरची दोन सुरळी करून दोऱ्यानं सैल बांधली आणि तुकडा वाळू-कोकोपीटमध्ये खोचला. सावलीत, उजेडात. पहिला महिना काहीच घडलं नाही. उपटून बघायचा मोह फार झाला. सहाव्या आठवड्यात टोकाशी तांबूस आवरण लांबलं, फाटलं आणि आतून कोवळं पान बाहेर आलं.

ते झाड आता माझ्या खांद्याला लागतं. गेल्या जुलैत त्याला मी तीनदाच पाणी घातलं.